खाली अजून हाये थोडं

दहावीच्या वर्गावर होतो. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. वहीचं अर्धं फाडलेलं पान, अक्षर भाच्याचं. 'बाबा आज पहाटे वारले. लवकर या.' खाली त्याने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली होती, जणू मी त्याला ओळखणार नाही. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली, सहीपर्यंत, घडी करून खिशात ठेवली आणि फळ्यावर सुरू केलेला उतारा पूर्ण लिहून दिला. पोरं उतरवून घेत होती. तास संपला तसं हेडमास्तरांना सांगितलं आणि आर्वी डेपोवर जी पहिली गाडी लागली होती तिच्यात बसलो. रडू आलं नाही. आज सात आठवडे होत आले, अजून आलेलं नाही. यात काही मोठेपणा नाही. जसं आहे तसं सांगतो.

दौलतभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या खेड्यात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून बहिणीने, आम्ही तिला बाई म्हणतो, मला आपल्या सासरी शिकायला आणलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. वर्धा जिल्ह्यातलं एक वाढतं गाव, एवढं पुरे. यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. नाल्याच्या काठी भाऊजींची भाजीची बाडी होती. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि सकाळी गावच्या भाजीबाजारात, गुजरीत, पोतं अंथरून बसायचं. गुजरीतली त्यांची जागा पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर, आणि तिथेच सगळं सुरू झालं. कुठे काही घडलं की पोलीस जे दिसेल ते कागदावर लिहितात आणि दोन तिऱ्हाईत माणसांच्या सह्या घेतात. ते दोघे पंच. जमादाराला पंच हवा असला की तो फाटकात उभा राहून समोर पाही, आणि समोर भाऊजी बसलेले असत.

पहिल्यांदा गेले ते एकाहत्तर साली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात एकाने चुलत्याला कुऱ्हाडीने मारलं होतं. मी सहावीत होतो. भाऊजी संध्याकाळी घरी आले, पाय धुतले आणि ओसरीवर बसले. मग बाईला म्हणाले, "मारणारा तिथंच बसून होता. कुऱ्हाड बाजूले ठेवली होती. मले म्हने, दौलतभाऊ, घोटभर पानी देता का?" बाईने विचारलं, "मंग, देल्लं?" "देल्लं ना. पानी कोनाले नाई म्हनाव?"

त्या दिवशी कागदावर भाऊजींनी अंगठा दिला होता आणि ठाण्यातले कोणीतरी हसले होते. ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी माझी पाटी घेऊन माझ्यासमोर बसले. "बापू, मले माह्यं नाव शिकव." पंधरा दिवस लागले. द ला काना आधी द्यायचा की मात्रा, यावर आमची भांडणं होत. पण जमलं. पुढे आयुष्यभर त्यांची सही तशीच राहिली, शाळेतल्या पाटीवरच्यासारखी, एकेक अक्षर वेगळं, आणि शेवटच्या त वर जरा थांबलेली. त्यापलीकडे त्यांना लिहिता-वाचता आलं नाही. सही शिकवली म्हणून मीच गुजरीभर सांगत फिरलो. लहानपणीसुद्धा मला आपण शिकतो याचा मोठा ताठा होता.

त्यानंतर गाव वाढत गेलं. कापसाच्या जिनिंग वाढल्या, कारखान्याचा भोंगा आला, नाल्यापलीकडच्या बाड्या मोडून लेआउट पडले. बसस्टँड गावाबाहेर गेलं आणि मग गाव त्याच्याही बाहेर गेलं. मी काही समाजशास्त्र शिकलेलो नाही, पण भाऊजींच्या तोंडून ऐकत ऐकत मला गाव कसं बदलत गेलं ते कळलं. आधी वर्ष-दीड वर्षात एखाद्या वेळी बोलावणं येई, तेही कोणी विहिरीत पडलं, कोणाला साप चावला म्हणून. मग ते सणासुदीला येऊ लागलं. मग महिन्याला. कुऱ्हाड गेली, चाकू आला. भांडण धुऱ्याचं राहिलं नाही. सायकलचा धक्का लागला, पानठेल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं, व्हिडिओच्या रांगेत कोणी पुढे घुसलं... एकदा जेवताना भाऊजी म्हणाले, "पहिले मारणारा तिथंच बसून राहे. मंग मारणारा पळाले लागला. आता तं पाहणारेही पळतात." आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "पहिले जमादारानं हाक मारली तं चार मानसं उठत. आता फाटकात टोपी दिसली का गुजरी खाली मान घालते."

भाऊजींनी मान खाली घातली नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. "मेलेल्या मानसाजवळ कोनी तं आपल्या गावचं पाह्यजे का नाई?" एवढंच म्हणाले.

मी बी.ए. झालो, द्वितीय श्रेणीत, इंग्रजी विषय घेऊन. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात पहिला. त्या दिवशी भाऊजींनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांभाराची एक जुडी वर घातली. "घेऊन जा मायबाई, आमचा बापू बीए झाला." शेजारी लिंबू-मिरच्या विकणारी गिरजाबाई बसे. ती म्हणाली, "दौलतभाऊ, असेच वाटत राह्यले तं संध्याकाळी बापूची डिगरी शिजवून खा लागन." सगळी गुजरी हसली. गिरजाबाईचा नवरा केव्हाच वारला होता. एकुलता एक शंकर, माझ्यापेक्षा वर्षभराने लहान, जिनिंगमध्ये गाठी उचलायला जाई. गुजरीत एक रीत आहे: एक जण उठला की शेजाऱ्याने त्याच्या मालावर लक्ष ठेवायचं, पाणी मारायचं, विकला तर विकायचा. गिरजाबाई आणि भाऊजी ही रीत वीस वर्षं पाळत होते.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, संध्याकाळच्या वेळी, बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर शंकरला कोणीतरी चाकू मारला. सायकलचं हँडल लागल्यावरून. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. लेआउटमधल्या एका पोराला पोलिसांनी दुसऱ्या दिवशी धरलं. त्याचंही नाव लिहीत नाही; तो सुटलेला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सर्टिफिकिटांची फाइल घेऊन बसस्टँडकडे निघालो होतो. वर्ध्याला मास्तरकीची मुलाखत होती. ठाण्याच्या फाटकातून जमादाराने हाक मारली. "ओ बीए! या इकडं जरा. शिकलेला पंच पाह्यजे." भाऊजी आधीच आत बसले होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आत टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू होता, लाकडी मुठीचा. शेजारी चार पानांचा पंचनामा, लिहून तयार. जमादार म्हणाला, "वाचून घ्या अन् सही ठोका." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "बापू, का लिवलं हाये, वाचून सांग." मी वरच्या चार ओळी पाहिल्या. तारीख, ठिकाण, आमची दोघांची नावं. माझं नाव जमादाराने मोकळ्या ठेवलेल्या जागेत आत्ताच भरलं होतं, पुढे 'शिक्षण बी.ए.'. घड्याळ पाहिलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती.

"सगळं बरोबर आहे भाऊजी. करा सही."

त्यांनी केली. द, मात्रा, काना... शेवटच्या त वर थांबून. मी माझी झोकदार इंग्रजी सही केली आणि पळत सुटलो. गाडी मिळाली. नोकरीही मिळाली.

खटला दोन वर्षांनी वर्ध्याच्या सेशन कोर्टात उभा राहिला. सकाळी माझी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने फार नम्रपणे विचारलं, "आपण पदवीधर आहात?" मी म्हणालो, "हो. बी.ए." "मग पंचनामा वाचूनच सही केली असेल." तिथे मी नाही म्हणू शकलो असतो. समोर इतकी माणसं, मी शिक्षक झालेला, अंगात कोट... मी म्हणालो, "वाचून केली." "आरोपीने घरामागच्या कुडातून चाकू काढून दिला, तेव्हा आपण हजर होता?" तेव्हा मला कळलं त्या चार पानांत काय होतं. मी म्हणालो, "होतो."

एकदा साक्ष झाली की कोर्टात बसता येतं. मी मागच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावर गिरजाबाई होती, डोक्यावर पदर, मांडीवर दोन्ही हात. मग भाऊजींना बोलावलं. ते पिंजऱ्यात उभे राहिले, धुतलेलं धोतर, हातात टोपी. पंचनाम्यावरची सही दाखवली. "तुमचीच?" "माहीच हाये जी." "यातला मजकूर बरोबर आहे?" भाऊजी म्हणाले, "वाचून दाखवा जी, मंग सांगतो." कोर्टात थोडी हालचाल झाली. जजसाहेबांनी मान हलवली आणि पेशकाराने वाचायला सुरुवात केली. कुडाचं वाक्य आलं तसा भाऊजींनी हात वर केला, एस.टी.ला करतात तसा.

"थांबा जी. हे म्या पायलं नाई. म्या कोनाच्या घरी गेलतो नाई. चाकू टेबलावर होता, पेपरात गुंडाळेल."

सरकारी वकील उठले. साक्षीदार फितूर झाला म्हणाले. आवाज चढवून विचारलं, "मग सही काऊन केली?"

भाऊजींनी एकदा मागे पाहिलं. मी कुठे बसलो होतो ते त्यांना माहीत होतं. मी खाली फरशीकडे पाहत होतो.

"माही चूक झाली जी," ते म्हणाले. "मले वाचता येत नाई."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ना तिथे, ना नंतर.

पोरगा सुटला. एकट्या पंचनाम्यामुळे नाही, हे मला आज माहीत आहे. पानठेल्यावर सात-आठ माणसं उभी होती आणि प्रत्येकाने शपथेवर सांगितलं की आपली पाठ होती. पण पाठ असलेल्यांना कोणी काही म्हणालं नाही. गुजरी म्हणाली, दौलतनं सोडवला. पोलिसांनी त्यांना बोलावणं बंद केलं. पोलिसांना काही न विचारता सही करणारे पंच हवे होते आणि ते मिळालेही. गिऱ्हाइकं टोमणे मारत, "दौलतभाऊ, वांगे खरेच ताजे हायेत, का सही झाल्यावर सडतीन?" भाऊजी म्हणत, "चिरून पाहा ना." गिरजाबाईला जागा बदलता येईना, गुजरीतली जागा ठरलेली असते. तिने दोघांच्या मध्ये एक रिकामं टोपलं उपडं घातलं आणि भाऊजींकडे पाठ करून बसू लागली. बोलणं बंद. पण दुपारी ती उठून गेली की भाऊजी तिच्या मिरच्यांवर ओलं पोतं टाकत, लिंबांवर पाणी मारत, आणि ते गेले की ती त्यांच्या मेथीवर पाणी मारी. बोलत मात्र नसत. तीन वर्षं.

एक सवय मात्र त्यांना त्या खटल्याने लागली. लिहिलेलं काहीही समोर आलं की ते कोणाकडून तरी पूर्ण वाचून घेत. विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, औषधाची बाटली. भाचे कंटाळत. पत्रिकेत मुलगा-मुलगी, तिथी आणि जागा वाचून झाली की कागद खाली ठेवत, तर भाऊजी बोट दाखवत, "खाली अजून हाये थोडं." मग छापखान्याचं नावसुद्धा वाचावं लागे. गुजरीत भाजी बांधायला रद्दी असे. शाळेतून येणाऱ्या पोरी दिसल्या की म्हणत, "बाई, एवढं वाच." अर्धी फाटलेली बातमी ती पोरगी वाची, भोसकाभोसकीचीच बहुतेक, आणि थांबली की हे म्हणत, "खाली अजून हाये थोडं." पाठमोरी बसलेली गिरजाबाई हे रोज ऐकत असणार.

मला त्यांनी पुन्हा कधीही काही वाचायला सांगितलं नाही. सुटीत जाई तेव्हा अगत्यात काही कमी नसे. पाटावर बसवत, वाढायला सांगत. पण मी 'बापू' राहिलो नव्हतो. "गुरुजी, तुमी घ्या." "गुरुजी, गाडी किती वाजता हाये तुमची?" एकदा मी धीर करून म्हटलं, भाऊजी, मी शिकवतो तुम्हाला वाचायला, महिनाभरात येईल. ते हसले. "नाई गुरुजी. सही शिकवली तुमी, तेवढी पुरे झाली." त्या हसण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माफी मागायची म्हणून मी तीन दिवाळ्या गेलो आणि तीन दिवाळ्या परत आलो.

ते गेले ते खाटेवर, झोपेत. गावातले इतके रक्ताचे कागद ज्याने पाहिले तो माणूस कोणाला न उठवता गेला. मी पोचलो तेव्हा आवारात माणसं बसली होती. गिरजाबाई होती, एका बाजूला. मी सगळं केलं. खांदा दिला, सामान आणलं, तेरवीला पंगतीत वाढलं. हातपाय चालत होते, एवढंच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाईने माळ्यावरून बियाण्याची प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत कागद होते. कोर्टाच्या निकालाची नक्कल, अकरा पानं, इंग्रजीत.

"वकिलाच्या कारकुनाकडून काढून आनली होती त्याहीनं," बाई म्हणाली. "म्हनत, गिरजेले हे पुरं ऐकवाचं हाये."

"मग ऐकवलं का नाही?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. "घरात इंग्रजी कोनाले येते?"

मला येतं. घरात, नात्यात, त्या सगळ्या गुजरीत, एकट्या मला. तीन वर्षं ते कागद माळ्यावर होते आणि मी खालच्या ओसरीवर जेवून जात होतो. बाई पदराने पिशवीवरची धूळ पुसत होती. "म्या म्हनलं, गुरुजीले सांगा ना. तं म्हने, त्यानं आपून होऊन इचारलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुजरीत गेलो. भाऊजींचं पोतं जागेवर अंथरलेलं होतं, भाचा माल आणायला बाडीत गेला होता. मधलं टोपलं तसंच उपडं. गिरजाबाईने मला पाहून मिरच्या सारख्या केल्या. "काऊन आले गुरुजी?" मी पोत्याच्या कडेला बसलो आणि म्हणालो, निकालाची नक्कल आहे, भाऊजींना तुम्हाला ऐकवायची होती. ती म्हणाली, "ऐकून का होते आता?" मी पिशवीतून कागद काढले. तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "वाचा."

मी एकेक वाक्य वाचत, मराठीत सांगत गेलो. शंकरचं नाव आलं, वय आलं, जखमा आल्या. ती लिंबं पुसत होती. पानठेल्यावरचे साक्षीदार आले, एकामागून एक, सगळ्यांच्या पाठी. गिऱ्हाईक आलं की ती मिरच्या मोजून देई आणि मी थांबे. सातव्या पानावर पंच आले. तिथे साहेबांनी लिहिलं होतं की पहिला पंच सुशिक्षित असूनही त्याची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही. पंचनामा न वाचता त्याने सही केली असावी आणि कोर्टापुढे तो खरं बोललेला नाही. दुसरा पंच निरक्षर आहे, पण तो खरं बोलतो आहे. पहिल्या पंचाने आपलं काम केलं असतं तर पोलिसांना चाकू कुठून आला ते धडपणे दाखवावं लागलं असतं.

हे सगळं मी मनात वाचलं. तोंडाने नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं. पान उलटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. चार ओळी पाहून सगळं बरोबर आहे म्हणायची मला सवय होती... बोट पानाच्या कोपऱ्यावर गेलंही.

गिरजाबाईने लिंबू खाली ठेवलं. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खाली अजून हाये थोडं," ती म्हणाली.

मी वाचलं. पहिला पंच म्हणजे मी, हेही सांगितलं. त्या सकाळची गाडी, ते घड्याळ, भाऊजींनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं. ती ऐकत राहिली. गुजरीचा गलका चालू होता.

"त्याहीनं तुमचं नाव नाई घेतलं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मले वाटे, त्याहीनं पोराले सोडवलं."

तिने डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आपल्या मिरच्यांवर मारलं, आणि मग हात टोपल्यावरून पलीकडे नेऊन भाऊजींच्या पोत्यावर मारलं. त्यावर अजून भाजी आलेली नव्हती. रिकामं पोतं ओलं झालं. बोलणं बंद असतानाही ती एवढं रोजच करत आली होती. मला तिने माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"राह्यलेलं वाचा," ती म्हणाली.

अजून चार पानं होती. मी वाचली. शेवटच्या पानाच्या तळाशी नक्कल करणाऱ्या कारकुनाचं नाव होतं, अगदी बारीक अक्षरात. तेही वाचलं.